फोटो काढा, पण कडा बघून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर सोलकढी एवढं पोटात गेल्यावर भाषण ऐकायला लावणं हा अन्याय आहे, हे मला कळतं. त्यात मागच्या बाकांवर बसलेली मंडळी तीच आहेत, जी भूगोलाच्या तासालाही डोळे उघडे ठेवून झोपायची. त्यामुळे मी तुम्हाला थोडं कामाला लावणार आहे. सगळ्यांनी आपापला मोबाईल बाहेर काढा. काढलात? आता शर्टाचं किंवा साडीचं टोक घ्या आणि मागची लेन्स पुसा. नीट पुसा.

झालं. माझ्या आजच्या भाषणातला सगळ्यात उपयोगी सल्ला देऊन झाला. आता झोपलात तरी चालेल.

थट्टा नाही करत. चिपळूणला माझ्या दुकानात लोक येतात आणि सांगतात, "माझ्या मोबाईलचा कॅमेरा बिघडला, सगळं धुरकट येतं." मी रुमालाने लेन्स पुसून मोबाईल परत देतो. खिशातला घाम, हाताचं तेल, गाडीवरची धूळ यांचा त्या एवढ्याशा काचेवर थर बसतो आणि समोरच्या दिव्याभोवती शिंगं फुटतात. दहातले चार बिघाड एवढ्यावर बरे होतात. पैसे मी घेत नाही, चहा मात्र घेतो.

संयोजकांनी मला विषय दिला तो "चांगले फोटो कसे काढावेत" असा. तो का दिला, हेही सांगतो. स्मरणिकेसाठी त्यांनी तुम्हा सगळ्यांकडून फोटो मागवले. दोनशेच्या वर फोटो आले आणि छापखान्याने त्यातले निम्मे परत पाठवले. व्हॉट्सअॅपवरून या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून आलेल्या फोटोंमध्ये माणसाला नाक आहे की नाही, हेही कळत नव्हतं. तेव्हा समितीने ठरवलं, याला बोलायला उभा करा. पण त्या फोटोंच्या गठ्ठ्यातून आणखी एक गोष्ट निघाली आणि मला खरं बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. तिच्याकडे शेवटी येतो. आधी कामाचं.

पहिली गोष्ट, कॅमेरा महाग असावा लागतो हा समज काढून टाका. जगातला पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने जुळवला. साडेतीन किलोच्या वर वजन, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. त्याची ताकद होती ०.०१ मेगापिक्सेल. आज तुमच्यातल्या सगळ्यात साध्या मोबाईलचा कॅमेराही त्याच्या कित्येक पटींनी मोठा आहे. मी स्वतः २००४ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तो सहा मेगापिक्सेलचा होता. त्यासाठी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. त्यावर मी काढलेल्या लग्नांचे मोठे अल्बम लोकांच्या घरात आजही आहेत. तेव्हा अडतं ते कॅमेऱ्यामुळे नाही. अडतं ते उजेड ओळखता येत नाही म्हणून.

उजेडाचं साधं गणित सांगतो. मे महिन्यात भर दुपारी बारा वाजता अंगणात उभं करून फोटो काढलात, की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात, कपाळ चकाकतं आणि माणूस डोळे बारीक करून भांडायला आल्यासारखा दिसतो. त्याच माणसाला तीन पावलं मागे, पडवीच्या सावलीत घ्या. तोंड अंगणाकडे, पाठ घराकडे. आता अंगणातला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, मागचं माजघर अंधारात जातं आणि चेहरा उठून येतो. मुंबईच्या स्टुडिओत हजारो रुपयांचे दिवे लावून जे करतात, ते आपल्या जुन्या घरांच्या पडवीत फुकट मिळतं. पडवी पाडून ग्रील लावलेली बाल्कनी केली असेल, तरी खिडकी आहेच. खिडकी कॅमेऱ्याच्या मागे नाही, बाजूला ठेवा.

आणि पाऊस. लोक पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवतात. मी म्हणतो, जून ते सप्टेंबर अख्खं आभाळ म्हणजे एक पांढरी छत्री आहे. ढगाळ दिवशी सावली कडक पडत नाही, हिरवा रंग दाट येतो, लावणी करणाऱ्या बायकांचे चेहरे सुरेख येतात. फक्त एक पथ्य पाळा: ते पांढरं आभाळ फोटोत कमीत कमी घ्या. पाव भागाच्या वर आभाळ आलं, की मोबाईल त्याच्या उजेडाने बिचकतो आणि खालची माणसं काळी करतो.

उलट, मूर्तीचा किंवा दगडी कामाचा फोटो काढायचा तर ऊन हवं, पण तिरकं. आपण इथून जवळच डेरवणला शिवसृष्टी बघायला जातो. तिथल्या शिल्पांचे फोटो दुपारी काढलेत तर सपाट येतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. बाजूने येणारा उजेड कपड्याची प्रत्येक चुणी दाखवतो.

आता मोबाईलशी थोडी मैत्री करू. कॅमेरा उघडा आणि समोर बसलेल्या मित्राच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. चौकट आली ना? म्हणजे तुम्ही मोबाईलला सांगितलंत, मला हा माणूस महत्त्वाचा आहे. बोट तसंच दाबून धरलंत तर ते कुलूप लागतं. शेजारी सूर्याची खूण येते, ती खाली ओढली की फोटो गडद होतो, वर नेली की उजळ. फोटोग्राफीतलं अर्धं शास्त्र त्या सूर्यात आहे. कॅमेरा स्वभावाने सगळ्याचं करडं करून टाकतो. पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यातले आजोबा उभे असले, तर त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो आजोबांना मळकट करतो. तिथे सूर्य थोडा वर न्या. गणपतीच्या मखरात दिव्यांचा लखलखाट असतो आणि मूर्तीचा चेहरा पांढरा फटक येतो. तिथे सूर्य खाली आणा. बाप्पाचे डोळे दिसायला लागतील.

मखराचंच आणखी एक. स्वस्त एलईडी माळा लावल्या की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मोबाईल बिघडलेला नसतो. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते आणि तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाईलमध्ये "प्रो" नावाची सोय असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात. नसेल तर माळा दोन मिनिटं बंद करा आणि समईच्या उजेडात काढा. मला विचाराल तर तोच फोटो जास्त चांगला येतो.

झूम करू नका. दोन बोटांनी चित्र ताणलंत की कॅमेरा जवळ जात नाही, तो फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो. तुमच्या मोबाईलला दुप्पट-तिप्पट जवळ नेणारी वेगळी लेन्स असेल तर ती जरूर वापरा. नाहीतर पायांनी झूम करा. दोन पावलं पुढे जा. बहुतेक वाईट फोटो लांबून काढलेले असतात, आणि त्याचं कारण तांत्रिक नसतं. आपल्याला माणसाच्या जवळ जायला संकोच वाटतो.

शिमग्याबद्दल बोललो नाही, तर सावर्ड्यात मला कोणी बसू देणार नाही. पालखी नाचते तेव्हा ती गोठवायची असेल तर शटर १/२५० च्या वर हवं. म्हणजे उजेड हवा, म्हणजे दुपार-संध्याकाळच. रात्र झाली की गोठवायचा हट्ट सोडा. आपल्याकडे होल्टे होमाला अंधारात पेटती लाकडं एकमेकांच्या दिशेने फेकतात. तिथे लोक फ्लॅश मारतात आणि फोटोत येतात पुढच्या चार माणसांच्या पाठी. मोबाईलचा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे काही करत नाही. फ्लॅश बंद करा, मोबाईल एखाद्या खांबाला टेकवून घट्ट धरा, सूर्य खाली ओढा आणि भरपूर काढा. वीसातल्या एकात आगीची रेघ अशी उमटते, की बघत राहावं. आणि हो, सुरक्षित अंतर ठेवून उभे राहा. एका वर्षी फोटोच्या नादात माझा सदरा जळलेला आहे. आई म्हणाली, "फोटू बरा आलाय, पन सदरा नवा होता."

चुकीचं विचाराल तर माझ्या पोतडीत चुका पुष्कळ आहेत. एक सांगतो. पहिला डिजिटल कॅमेरा घेतल्यावरचं पहिलंच लग्न. पूर्वी ३६ फोटोंचा रोल असायचा, प्रत्येक फोटोला पैसे पडायचे, म्हणून दाबण्याआधी विचार करायचो. आता कार्डवर शंभर-दीडशे फोटो! मी सुटलोच. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. रात्री कॉम्प्युटरवर बघतो तर सप्तपदीच्या एकाही फोटोत नवरीचे डोळे स्पष्ट नाहीत. स्पष्ट काय, तर तिच्या मागची समई. सप्तपदी काही पुन्हा घेता येत नाही. नवरीच्या वडिलांना जाऊन खरं सांगितलं, पैसे परत दिले. त्यांनी निम्मे पुन्हा माझ्या हातात ठेवले, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासूनची सवय: महत्त्वाचा फोटो काढला की तिथल्या तिथे तो मोठा करून डोळे बघायचे. डोळे स्पष्ट असले तर बाकी चालून जातं.

आता त्या दिवसाबद्दल बोलतो. चिपळूणची मंडळी इथे आहेत, त्यांना तारीख सांगायला नको. २२ जुलै २०२१.

माझं दुकान बाजारात तळमजल्यावर. २००५ च्या जुलैत पाणी आलं होतं, त्याची खूण मी भिंतीवर रंगाने करून ठेवली होती आणि शहाणपणाने सगळं त्या खुणेच्या दोन फूट वर ठेवलं होतं. निगेटिव्हचे डबे, हार्ड डिस्क, जुने अल्बम, सगळं. २०२१ ला पाणी त्या खुणेला विचारायलाही थांबलं नाही. दोन दिवसांनी शटर उघडलं तेव्हा आत चिखल होता आणि त्या चिखलात माझी तीस वर्षं होती.

माझं नुकसान मी मोजलं होतं ते कॅमेऱ्यांचं, प्रिंटरचं, फर्निचरचं. खरं नुकसान पुढच्या महिन्यात कळायला लागलं. लोक यायला लागले. घरात पाणी शिरलेले लोक. पंचनामे, भांडी, धान्य, सगळं उरकून, पंधरा-वीस दिवसांनी माझ्याकडे यायचे आणि हळूच विचारायचे, "आमच्या लग्नाचा अल्बम गेला. तुमच्याकडे कॉपी असेल ना?" एक बाई रोज यायच्या. त्यांचा मुलगा आधीच गेलेला होता, आणि त्याच्या मुंजीचे फोटो मी काढले होते. मी रोज सांगायचो, शोधतो. मला माहीत होतं, की ते त्याच चिखलात गेले. शेवटी एक दिवस धीर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

म्हणून आता जे सांगतो ते कृपा करून लिहून घ्या.

फोटो तीन ठिकाणी ठेवा. एक मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर, दुसरा वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरा दुसऱ्या गावात. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. पूर, चोर आणि शॉर्टसर्किट कपाटं मोजत नाहीत. माझं जे थोडं वाचलं, ते केवळ मुंबईला, पुण्याला नातेवाइकांकडे गेलेल्या डीव्हीडींमुळे आणि प्रिंटमुळे. माझ्या आईचा एकच धड फोटो माझ्याकडे आहे. मागीलदारी बसून कुळीथ पाखडतानाचा. "माजा कसला फोटू काढतोस, जा तिकडं," म्हणत होती. मी उत्तर दिलं नाही, ती पुन्हा कामाला लागली, तेव्हा काढला. त्याची फाईल गेली, निगेटिव्ह गेली. पण एक प्रत धाकट्या भावाकडे डोंबिवलीला भिंतीवर होती, म्हणून आई वाचली.

भिजलेल्या फोटोंचंही सांगून ठेवतो, कारण आपण नदीकाठची माणसं आहोत. कागदावरचे फोटो भिजून एकमेकांना चिकटले, तर ओढून सोडवू नका, उन्हात तर अजिबात टाकू नका. वरचा रंगाचा थर ओला असताना जेलीसारखा असतो, तो निघून येतो. स्वच्छ गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा, थोड्या वेळाने ते आपोआप सुटतात. चित्राला बोट न लावता कडेला धरून विसळा आणि सावलीत, चित्र वर करून, एकेक सुटा वाळवा. हे दोन दिवसांच्या आत करायचं, नंतर बुरशी धरते. काचेला चिकटलेला फोटो काचेपासून सोडवायला जाऊ नका. काचेसकटच त्याचा मोबाईलने फोटो काढून घ्या. या पद्धतीने आम्ही दोघांनी, मी आणि बायकोने, त्या ऑगस्टमध्ये घराच्या पडवीत दोऱ्या बांधून लोकांचे बरेच फोटो वाळवले. माझे वाचले नाहीत, पण दुसऱ्यांचे वाचवताना हात शिकले.

पूर नसला तरी आपली हवा आहेच. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, आणि एकदा धरली की दुरुस्ती महाग. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत, कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या वस्तूला बुरशी कमी लागते. हे गुडघ्यांनाही लागू आहे, असं आपले पी.टी.चे सर म्हणतील.

फोटो पाठवायचा असेल, तर व्हॉट्सअॅपवर तो नेहमीसारखा न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीत तो वाटेत पिळून निघतो. १२ मेगापिक्सेलचा अस्सल फोटो १३ इंच बाय १० इंच एवढा मोठा सुंदर छापता येतो. तोच पिळलेला फोटो पोस्टकार्डाएवढा छापला, तरी मोठं करायला गेल्यावर फुटतो. छापखान्याने परत पाठवलेल्या निम्म्या फोटोंचं दुखणं एवढंच होतं.

आणि वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, वर्षभरातले २५ फोटो निवडून कागदावर छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलने नावं, गाव, साल लिहा. पेनची शाई पुढे उतरते. आपण म्हणतो, नावं काय लिहायची, सगळे ओळखीचेच आहेत. तीस वर्षांनी कोणी ओळखीचं राहत नाही. मी दुकानदारीत किती फोटो हाताळले असतील, ज्यांच्यातली माणसं घरातल्या कुणालाच सांगता येत नव्हती!

आता त्या गठ्ठ्यातल्या गोष्टीकडे येतो.

स्मरणिकेत श्रद्धांजलीचं पान आहे. गेलेले शिक्षक, गेलेले आपले पाच वर्गमित्र, आणि शिपाईमामा. सगळ्यांचे फोटो मिळाले. शिपाईमामांचा मिळेना. मामा आपल्याला आठवतात, तो लोखंडी रुळाचा तुकडा आणि लाकडी टोला आठवतो, पाचवीत पहिल्या दिवशी रडणाऱ्याला हाताला धरून वर्गात नेणारे मामा आठवतात. समितीने मला फोन केला. "तू फोटोग्राफर, शाळेच्या दहा-बारा स्नेहसंमेलनांचे फोटो तू काढलेस. तुझ्याकडे मामांचा असणारच." मी जे काही वाचलं होतं ते सगळं पुन्हा बघितलं. पाहुणे होते, बक्षिसं होती, नाच होते. मामा नव्हते. बारा वेळा ते माझ्यापासून दहा फुटांवर उभे होते. माझ्यासाठी खुर्च्या हलवत होते, वायर धरत होते, चहा आणत होते. मी एकदाही कॅमेरा त्यांच्याकडे वळवला नाही. हे पुराने नेलेलं नाही. हे मी काढलंच नव्हतं.

त्यांच्या पुतण्याकडे विचारलं. नोकरीच्या कागदांबरोबर एक पासपोर्ट फोटो होता, तो बुरशीने गेला.

मग आगव्याहून आपल्या एका मैत्रिणीने आपला दहावीचा ग्रुप फोटो पाठवला. तिच्या माहेरी माजघरात ३५ वर्षं तो भिंतीवर आहे, म्हणून टिकला. तुम्ही सगळ्यांनी तो आज दाराशी लावलेला बघितला आहे, आणि आपापलं डोकं शोधून "मी किती बारीक होतो" म्हणून झालं आहे. आता परत जाल तेव्हा डाव्या कडेला बघा. मागच्या रांगेच्या टोकाला, फोटो जिथे संपतो तिथे, एक अर्धा हात आहे. खाकी बाही आणि हातात लाकडी टोला.

मला तो क्षण आठवतो. मागच्या रांगेसाठी बाकं मामांनीच वर्गातून आणली होती. सगळे उभे राहिल्यावर तेही टोकाला येऊन उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाले, "मामा, जरा बाजूला." मामा बाजूला झाले, पण पुरते झाले नाहीत. आम्ही हसलो होतो. मीही हसलो होतो.

श्रद्धांजलीच्या पानावर तो हात छापायचा, असं समितीने ठरवलं आहे. त्याला दुसरा इलाज नाही. पण माझ्या सगळ्या सल्ल्यांमधला एकच लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा: बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. फोटोग्राफीच्या पुस्तकात हे सांगतात ते कोणाचा हात-पाय तुटू नये म्हणून, मागे विजेचा खांब डोक्यातून उगवू नये म्हणून. तेही बघा. पण त्याबरोबर हेही बघा, की कडेला कोण उभं आहे. त्याला आत घ्यायचं असेल तर मोठी लेन्स लागत नाही. आपण दोन पावलं मागे सरकलो की झालं.

घरी गेल्यावर आईवडील असतील तर त्यांचा फोटो काढा. भिंतीपुढे ताठ उभं करून नको, जे काम ते करत असतात ते करताना काढा. "हसा" म्हणू नका. बोलत राहा आणि मधेच काढा. हातांचाही एक काढा. विचारून काढा, दाखवा, आणि छापून त्यांच्याच हातात द्या.

आता शेवटची सूचना, ही संयोजकांकडून. पाच वाजता, ऊन कललं की, व्हरांड्यासमोर ग्रुप फोटो आहे. सूर्य तुमच्या डोळ्यांत येणार नाही, अशी जागा मी सकाळी बघून ठेवली आहे. सर आणि बाई मधल्या रांगेत खुर्च्यांवर. उंच मंडळी मागे, आणि पोट सुटलेल्यांनी जरा तिरकं उभं राहायचं. मी तीन म्हणेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटून ठेवायचे आणि तीनला उघडायचे, म्हणजे कोणाचे मिटलेले येणार नाहीत. मी दहा फोटो काढणार, कोणी हलायचं नाही. उद्याच्या उद्या ते तिघांकडे जातील, एक चिपळूण, एक पुणे, एक मुंबई. आणि प्रत्येकाला छापील प्रत मिळेल, मागे नावांसकट.

फोटोत कोण असेल हेही सांगतो. आपण सगळे, आपले गुरुजन, सकाळपासून बाकं लावणारे शाळेचे आत्ताचे दोघे शिपाई, ज्यांच्या हातचे वडे खाऊन तुम्ही आत्ता पेंगताय त्या स्वयंपाकघरातल्या चौघी मावशी, आणि मंडप घालणारी पोरं. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "आम्ही कशाला?" त्यांना आणायची जबाबदारी तुमची.

मोबाईल आत ठेवा. लेन्स पुसलेली आहेच.